हजेरीची उभी बेरीज

डिसेंबरच्या पानावर एका सोमवारच्या रकान्याखाली 'हजर ३१' असं लिहिलं होतं. मी त्या रकान्यातल्या रेघा मोजल्या. बत्तीस भरल्या.

चष्मा पुसला. पुन्हा मोजल्या. बत्तीसच. मंगळवार घेतला. खाली तीस, वर एकतीस. बुधवारीही तोच प्रकार. एक जास्त.

माझ्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत धोदडे सर बसले होते. वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस. मांडीवर हेल्मेट. माझं बोट रकान्यातून खाली सरकत होतं आणि त्यांची नजर त्या बोटावर खिळली होती. पंखा चालू होता, तरी त्यांच्या कपाळावर घाम होता.

"सर, ही खालची बेरीज कोणी केली?"

"मीच. म्हणजे... रोजची रोज करतो ना."

"आणि ह्या रेघा?"

त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. मला उत्तर मिळालं. आता पुढचं सगळं माझ्यावर आलं होतं.

मी बोईसरच्या एका हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं ऑफिसात काढली. शेवटची बारा वर्षं हेडक्लार्क. सुरातालातलं मला काही कळत नाही. घरी मी गुणगुणले तर माझे मिस्टर टीव्हीचा आवाज वाढवतात. तरीही निवृत्तीनंतर दर वर्षी आंतरशालेय समूहगीत स्पर्धेच्या आधी आयोजक मंडळाचा मला फोन येतो. "चुरी मॅडम, कागद बघायला या." गाणं बघायला परीक्षक असतात. गाणारी मुलं खरंच त्या शाळेची आहेत का, हे बघायला मी असते. ह्याला पात्रता तपासणी म्हणतात.

ऐकायला सोपं वाटतं. पण मोठ्या शाळा बक्षिसासाठी काय काय करतात ते मी बघितलंय. कॉलेजात गेलेली मुलगी गणवेश घालून दहावीची म्हणून उभी करतात. क्लासमध्ये शिकणारा तयार गायक दोन महिन्यांसाठी पटावर घेतात. म्हणून नियम केलेत. वय सतरापेक्षा कमी. इयत्ता आठवी ते दहावी. नाव त्या शाळेच्या पटावर. आणि जूनपासून स्पर्धेच्या आदल्या महिन्याअखेरपर्यंत हजेरी निदान पंचाहत्तर टक्के. शेवटचा नियम नववा. खोटा किंवा खाडाखोड केलेला कागद आढळल्यास शाळा तीन वर्षं बाद, आणि शिक्षण विभागाला पत्र.

हा नववा नियम मीच लिहून घेतला होता. कडक असावा म्हणून.

धोदडे सरांची शाळा मनोरच्या पुढे, डोंगरात. स्पर्धेत पहिल्यांदाच उतरली होती. आठवीच्या दहा मुली आणि त्यांच्या पाड्यांवरचं भातलावणीचं गाणं. एकीने ओळ सांगायची, नऊ जणींनी ती उचलायची. ओळ सांगणारी मुलगी म्हणजे सुनीता हाडळ. हरकत आली होती ती तिच्यावर.

हरकत देसाई मॅडमची. बोईसरच्या एका नावाजलेल्या शाळेत त्या संगीत शिकवतात. आदल्या दिवशी त्यांनी लेखी अर्ज दिला होता आणि सोबत एका रीलचा स्क्रीनशॉट जोडला होता. कोणीतरी मोबाइलवर टाकलेला तो व्हिडिओ. वीटभट्टीवर एक मुलगी विटा पलटतेय आणि गातेय. तारीख जानेवारीची, वार कामाचा. अर्जात दोनच ओळी होत्या. 'सदर विद्यार्थिनी दिवाळीपासून आईवडिलांबरोबर वैतरणा खाडीकाठच्या भट्टीवर स्थलांतरित आहे. तिची हजेरी पंचाहत्तर टक्के कशी?'

प्रश्न बरोबर होता. म्हणून मी धोदडे सरांकडून हजेरीपत्रकाची झेरॉक्स मागवली. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी ती शुक्रवारी सकाळी माझ्या टेबलावर आली. स्पर्धा शनिवारी. अंतिम यादी शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता बोर्डावर लागायची होती.

हजेरीपत्रक म्हणजे शिक्षकांच्या भाषेत कॅटलॉग. त्यात दोन बेरजा असतात. आडवी बेरीज एका मुलाची, महिन्यात किती दिवस आला. उभी बेरीज एका दिवसाची, वर्गात किती जण होते. सकाळी गैरहजर मुलासमोर टिंब देतात. उशिरा आला तर त्याच टिंबावरून रेघ ओढतात. सोय म्हणून केलेली गोष्ट, पण टिंबाची रेघ कधीही करता येते. धोदडे सरांनी तेच केलं होतं. सुनीताच्या नावासमोरच्या तीस टिंबांच्या तीस रेघा. आडवी बेरीज नीट बदलली होती. उभी विसरले.

"तीसच का?" मी विचारलं.

"एकशे वीस दिवस लागत होते मॅडम. एकशे साठ कामाचे दिवस, त्याचे पंचाहत्तर टक्के. दिवाळीपर्यंत तिचे त्र्याण्णव भरले होते. सत्तावीस कमी होते. मी तीस..." ते हेल्मेटचा पट्टा चाळवत राहिले. "तिच्याशिवाय गाणं उभंच राहत नाय, मॅडम. बाकीच्या नऊ जणी तिच्या मागनं गातात. दर शनिवारी मी तिला भट्टीवरनं बाइकवर आणतो, रविवारी सोडतो. दोन महिने."

"सर, तुम्ही कायम आहात का?"

"शिक्षण सेवक. चार महिने राहिलेत."

शिक्षण सेवक म्हणजे उमेदवारीतला शिक्षक. तीन वर्षं काढली की कायम होतो. ह्या चार महिन्यांत असा कागद शिक्षण विभागात गेला तर काय होतं, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

एवढ्यात राऊत सर आत आले. ते मंडळाचे सचिव, निवृत्त मुख्याध्यापक, सदैव घाईत.

"झालं का मॅडम? मी त्या हजेरीचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकलाय. सगळ्यांनी ओके लिहिलंय. देसाई मॅडमना कळवून टाकू का, हरकत फेटाळली म्हणून?"

कागद माझ्या टेबलावरून बाहेर गेला होता. तीस-चाळीस जणांच्या फोनमध्ये तो होता. सगळ्यांनी आडवी बेरीज बघून ओके लिहिलं होतं. उभी मोजायला एखाद्याला पाच मिनिटं लागली असती.

"थांबा," मी म्हटलं. "एक वाजेपर्यंत कळवू नका."

राऊत सरांनी माझ्याकडे बघितलं, मग धोदडे सरांकडे. "काही भानगड आहे का?"

"एक वाजता सांगते."

ते बाहेर गेले. मी दार लोटलं. खरं सांगते, त्या दोन मिनिटांत माझ्या मनात काय काय आलं. मोजलंच नाही असं समजायचं. वय झालंय, नजर कमी झालीय, कोण विचारणार? मुलगी गाईल, सर कायम होतील, मी घरी जाईन. पण देसाई मॅडम हरकतीचा निकाल लेखी मागणार, निकालाखाली माझी सही असणार, आणि तो कागद मंडळाच्या फाइलमध्ये कायमचा राहणार. एकतीस वर्षांत मी अशा एकाही कागदावर सही केली नव्हती. आता पेन्शनीत करायची?

"सर, ती आत्ता कुठे आहे? तिला फोन लावता येतो?"

"मुकादमाचा नंबर हाय."

"लावा. स्पीकरवर टाका. निदान रीलमधली मुलगी तीच आहे का, आणि किती दिवसांपासून तिथे आहे, ते तरी कळू दे. नक्की काय लपवलंय तेवढं मला माहीत असायला हवं."

त्यांनी लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. मुकादम ओरडून बोलत होता.

"सुनीता ना? ती नाय आता. शालंत गेली हाय. पाच वाजता येल."

धोदडे सर फोनकडे बघत राहिले.

"कुठल्या शाळेत?"

"अवो, इथंच, भट्टीला लागून. झेडपीची. तिचा भाव पन जातो. गुर्जी येऊन बसवून गेले ना दिवालीनंतर."

फोन बंद झाला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाय."

"दोन महिने बाइकवर आणताय तिला. विचारलं नाहीत?"

"नाय विचारलं, मॅडम." त्यांनी हेल्मेट जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं भात झालं की कामाला बाहेर पडतात. भट्टीवर, रेतीवर, बांधकामावर. मुलं बरोबर जातात. अशा मुलांना जिथे जातील तिथल्या सरकारी शाळेत बसवून घेता येतं, दाखला न मागता. त्यासाठी शिक्षण हमी कार्ड असतं. मुलाचं नाव मूळ शाळेच्या पटावरच राहतं आणि तिकडची हजेरी इकडे धरतात. म्हणजे सुनीता त्या झेडपीच्या शाळेत खरंच बसत असेल, तर तिची खरी हजेरी अस्तित्वात होती. ती किती होती हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. सत्तावीस दिवस हवे होते.

"सर, कागद घ्या. आधी अर्ज लिहा," मी म्हटलं.

"कसला?"

"मी सादर केलेली हजेरीची प्रत बरोबर नाही, त्यात मी बदल केलाय, ती मागे घेतो. खाली सही आणि वेळ."

"मॅडम, हे लिहिलं की नोकरी गेली."

"कदाचित."

"आधी तिकडची हजेरी बघू या ना. भरली तर मग लिहितो."

"आणि नाही भरली तर?"

त्यांनी पेन उचललं, पुन्हा टेबलावर ठेवलं.

"म्हणूनच आधी लिहायचं," मी म्हटलं.

त्यांनी लिहिला. चार ओळींना दहा मिनिटं लागली. खाली वेळ टाकली, बारा वाजून दहा. मी अर्जावर आवक शिक्का मारला. ठसा तिरका उमटला.

मग मी राऊत सरांना आत बोलावून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "ग्रुपवरचा फोटो डिलीट करू का?"

"करू नका. डिलीट केलात तर उद्या तेवढंच लोकांच्या लक्षात राहील."

"मग सरळ त्या मुलीचं नाव काढून टाकू. नऊ जणी गातील."

"मुलीने काय केलंय, सर?"

राऊत सरांनी घड्याळाकडे बघितलं. ते चांगले गृहस्थ आहेत. फक्त दुसऱ्या दिवशी प्रमुख पाहुणे यायचे होते.

खाडीकाठच्या शाळेचा कागद आणायला जायचं ठरलं. धोदडे सर म्हणाले, "मी बाइकवर जातो, दोन तासांत आणतो."

"आता तुम्ही एकट्याने आणलेल्या कागदावर कोण विश्वास ठेवणार?"

हे मी बोलले आणि लगेच वाटलं, बोलायला नको होतं. पण खरं तेच होतं. म्हणून मी स्वतः निघाले, आणि देसाई मॅडमना फोन करून म्हटलं, हरकत तुमची आहे, मूळ हजेरी तुम्हीही डोळ्यांनी बघा. मंडळाची इको गाडी होती. पुढे धोदडे सर, मागे आम्ही दोघी.

गाडीत मी देसाई मॅडमना तो अर्ज वाचायला दिला. त्यांनी दोनदा वाचला. चिल्हार फाट्याला हायवेवर वळलो तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, वापसी साढ़े तीन के पहले निकलना पड़ेगा. बाद में जाम लगता है इधर."

मग देसाई मॅडम पुढच्या सीटकडे बघत बोलायला लागल्या.

"सर, पाच वर्षांपूर्वी माझ्या एका मुलीची जन्मतारीख क्लार्कने चुकीची लिहिली होती. एका आकड्याची चूक. आम्हाला स्टेजच्या पायरीवरून परत पाठवलं. दहा मुली, मेकअप केलेल्या, गजरे माळलेल्या. बसमध्ये एकसुद्धा बोलली नाही. तेव्हा कोणी माझ्यासाठी गाडी काढली नव्हती."

धोदडे सरांनी मान वळवली नाही. म्हणाले, "तुमची हरकत बरोबर होती, मॅडम."

"मला माहीत आहे ते," देसाई मॅडम म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

पोहोचलो तेव्हा दोन वाजायला आले होते. शाळेच्या कुंपणापलीकडे भट्टीच्या विटांच्या रांगा. वऱ्हांड्यात एक तरुण बाई मुलांना गणित घालत होत्या. आम्ही कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाहेरून आलेल्या मुलांची हजेरी मेहेर गुरुजींकडे असते. वेगळं रजिस्टर आहे. कपाटात."

"कपाट उघडा ना."

"किल्ली गुरुजींकडे. शिक्काही आतच. ते केंद्रशाळेत मीटिंगला गेलेत."

"कधी येतील?"

"मीटिंग संपली की."

गुरुजींना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. रिंग गेली, उचलला नाही. सव्वादोन. अडीच. धोदडे सर फाटकापासून हातपंपापर्यंत फेऱ्या मारत होते. मी बाकावर बसून मनातल्या मनात रस्त्याचा हिशेब करत होते. साडेतीनला निघालो तर पावणेपाच. जाम लागला तर सहा.

सुनीता वर्गातच होती. बाईंनी तिला बाहेर पाठवलं. लहान चणीची, केस घट्ट बांधलेले, बोटांच्या कडांना वाळलेली माती. सरांना बघून आधी हसली. मग आम्हा दोघींना बघून हसू गेलं.

"सर, आज शुक्रवार ना? उद्याच्याला येनार होते ना तुमी?"

"सुनीता, तू इथे शाळेत बसतेस हे सांगितलं का नाहीस मला?"

"तुमी विचारला नाय." तिने सहज सांगितलं. "तुमी यायचे नि गाडीवर बसवायचे. मग गानाच घ्यायचे."

देसाई मॅडम खाली वाकून तिला म्हणाल्या, "बाळा, रोज येतेस का इथे?"

तिला खोटं उत्तर कोणी शिकवलेलं नव्हतं, ती खरं तेच सांगणार होती.

"रोज नाय. चिखल करायचा असला की नाय येत. आयेला मदत लागते. नायतर येते."

"महिन्यात किती दिवस चिखल असतो?"

तिने खांदे उडवले. "असतो. लय असतो."

धोदडे सर हातपंपाच्या कट्ट्यावर खाली बसले. ती त्यांच्याजवळ गेली.

"सर, माझा नाव काढला का?"

"नाय काढला," ते म्हणाले. "अजून नाय."

तीन वाजून दहा मिनिटांनी मेहेर गुरुजी स्कूटरवरून आले. साठीला टेकलेले, मुरबे गावाकडचे. फोन पिशवीत ठेवला होता म्हणे, वाजलेला कळला नाही. मी काम सांगितलं. त्यांनी काही न विचारता किल्ली काढली. कपाटाचं दार अडकत होतं, त्याला गुडघ्याने धक्का दिला. आत निळं रजिस्टर.

गुरुजी, देसाई मॅडम आणि मी त्यावर वाकलो. दिवाळीनंतरचे दिवस, जानेवारीअखेरपर्यंत. मी बोट ठेवून मोजायला लागले. नोव्हेंबरचे नऊ. डिसेंबरचे चौदा. तेवीस झाले. जानेवारीचं पान उलटताना ते मागच्या पानाला चिकटलं आणि मला सुटेना. देसाई मॅडमनी सोडवलं. पंधरा.

"अडतीस," मी म्हटलं.

"उभी बेरीज बघा," देसाई मॅडम म्हणाल्या.

मी रोजची उभी बेरीज ताडून बघितली. प्रत्येक दिवस जुळला. त्र्याण्णव आणि अडतीस मिळून एकशे एकतीस. हवे होते एकशे वीस.

धोदडे सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांना आनंद झालाय की काय झालंय, कळत नव्हतं. तीस खोट्या दिवसांऐवजी अडतीस खरे दिवस ह्या कपाटात होते.

"आम्ही तुमच्या शाळेला कळवलं होतं," मेहेर गुरुजी दाखला लिहिता लिहिता म्हणाले. "दिवाळीनंतर लगेच. पोस्टाने. ही पोच."

पोचेवर धोदडे सरांच्या शाळेचा शिक्का होता. म्हणजे पत्र पोहोचलं होतं, आवक रजिस्टरला चढलं होतं आणि फाइलला लागलं होतं. वर्गशिक्षकापर्यंत आलंच नव्हतं. मी काही बोलले नाही. कारण ते पत्र ज्याने फाइलला लावलं तो माझ्याच जातकुळीतला, कारकून. 'फाइलला लावा' हे दोन शब्द मी माझ्या नोकरीत हजारदा उच्चारले असतील. कुठल्या पत्रात कोणाची मुलगी होती, देव जाणे.

परतीला चिल्हार फाट्यावर जाम लागलाच. कंटेनरमागे कंटेनर. साडेचार वाजले, गाडी जागची हलेना. मी राऊत सरांना फोन केला, "यादी थांबवा." ते म्हणाले, "पाचचा टाइम नियमात आहे, मॅडम. तुम्हीच लिहिलाय." ड्रायव्हरने रस्त्याकडेच्या एका कंपनीच्या गेटसमोरून गाडी आत घातली आणि मातीच्या वाटेने काढली. हॉलवर उतरलो तेव्हा पाचला सहा मिनिटं होती.

पात्रता समिती म्हणजे राऊत सर, मी आणि पालघरचे एक तबल्याचे शिक्षक. ते फोनवर होते. मी दाखला ठेवला. चौथा नियम वाचून दाखवला. 'विद्यार्थी सहभागी शाळेच्या पटावर असावा व त्याची चालू वर्षाची हजेरी पंचाहत्तर टक्के असावी.' पटावर कुठे, ते लिहिलं होतं. हजेरी कुठल्या शाळेतली, ते लिहिलेलं नव्हतं. आणि शिक्षण खातं तिकडची हजेरी धरतं, तर आम्ही न धरणारे कोण?

"मुलगी पात्र," राऊत सर म्हणाले. फोनमधून तबल्याचे सरही म्हणाले, पात्र. मग राऊत सरांनी तो बारा दहाचा अर्ज समोर ओढला.

"आता नववा नियम. खोटा कागद 'आढळल्यास', असं आहे. ह्यांनी स्वतः मागे घेतलाय. मग आढळला असं म्हणायचं की नाही? चुरी मॅडम, तुम्हाला आधी आढळला की त्यांनी आधी सांगितलं?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. धोदडे सरसुद्धा. 'त्यांनी सांगितलं' एवढे दोन शब्द पुरले असते. कोणालाही कळलं नसतं.

"मला आढळला," मी म्हटलं. "मग त्यांनी सांगितलं."

धोदडे सरांनी मान खाली घातली. मला माझाच राग आला. आणि तरी दुसरं काही मी बोलू शकले नसते.

देसाई मॅडम खुर्ची सरकवून उठल्या. हरकत घेणाऱ्याला शेवटचं म्हणणं मांडता येतं.

"माझी हरकत मुलीच्या हजेरीवर होती. ती मी मागे घेते. खोट्या कागदाबद्दल माझं म्हणणं असं, की त्या कागदावर तुम्ही निर्णय दिलेला नाही. तो फेरफार शाळेने नाही, एका शिक्षकाने केला. तीन वर्षं शाळा बाद केलीत तर ह्या दहाही मुली दहावी होऊन निघून जातील. शिक्षा सरांना द्या."

"शिक्षण विभागाला पत्र?" राऊत सरांनी विचारलं.

"शाळेच्या संस्थेला पाठवा. पुढचं ते बघतील."

निर्णय तोच झाला. संघ पात्र. धोदडे सरांना तीन वर्षं कुठल्याही संघाबरोबर येता येणार नाही, उद्यासुद्धा नाही. आणि त्यांच्या संस्थेला पत्र. ते पत्र मीच टाइप केलं. वाक्य मऊ करायचा खूप प्रयत्न केला. पण 'हजेरीपत्रकात फेरफार' ह्याला मऊ शब्द नाही.

शनिवारी मुली दुसऱ्या एका बाईंबरोबर आल्या. धोदडे सर हॉलच्या फाटकाबाहेर, पार्किंगमध्ये उभे. सूर द्यायला कोणी नव्हतं. पडदा उघडला आणि दहाही जणी गप्प. मला वाटलं, संपलं सगळं. सुनीताने नेसलेल्या लुगड्याच्या पदराला हात पुसले, नऊ जणींकडे एकदा बघितलं आणि ओळ सांगितली. उंच लागली की खाली, मला कळत नाही. बाकीच्या मागून आल्या एवढं कळलं. मध्ये एकदा त्या पुढेमागे झाल्या, तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीतून देसाई मॅडम हलक्या हाताने मांडीवर ठेका धरून होत्या.

पहिला नंबर देसाई मॅडमच्या शाळेचा आला. दुसरा ह्यांचा. दोन्ही मला योग्य वाटले, पण माझं मत तिथे कोणी विचारत नाही.

संस्थेने धोदडे सरांना कारणे दाखवा नोटीस दिली, मग लेखी ताकीद. कायम झाल्याचं पत्र त्यांना वर्षभर उशिरा मिळालं, पण मिळालं. सुनीता आता दहावीत आहे. ह्या दिवाळीनंतर तिची आई तिला भट्टीवर घेऊन गेली नाही, मुलीला तिच्या मावशीकडे ठेवलंय असं ऐकते. चौथ्या नियमात आम्ही एक ओळ वाढवली, स्थलांतरित मुलांची दुसऱ्या शाळेतली हजेरी धरली जाईल अशी. आधीच असती तर एका माणसाचं वर्ष वाचलं असतं. ती नव्हती, ही चूक आमची.

धोदडे सरांनी माझा राग धरला असेल असं मला वाटायचं. तसं नाही. आता कुठलाही कागद करण्याआधी ते मला फोन करतात. परवाच विचारत होते, "मॅडम, सहलीच्या संमतीपत्रावर पालकाचा अंगठा चालतो का?"

"चालतो," मी म्हटलं. "फक्त पालकाचाच हवा."